रोलेक्स एक्सप्लोरर २: भारतीय वेळेचा अर्धा तास आणि चादरची थंडी

बर्फातला_बेडूक
घड्याळ एक्सप्लोरर २, मॉडेल २२६५७०, पांढरी डायल. मुक्काम दुबईत, फेब्रुवारीत चादर ट्रेक (लडाखमधल्या गोठलेल्या झांस्कर नदीवरून). प्रश्न दोन. तासकाटा दुबईवर ठेवला की २४ तासांचा नारिंगी काटा भारतीय वेळेवर बसत नाही, अर्धा तास उरतोच. काही उपाय? आणि उणे २०-२५ मध्ये हे न्यावं की साधं डिजिटल बरं?

टिकटिक
बसणारच नाही. नारिंगी काटा गिअरने मिनिटकाट्याशी बांधलेला आहे. मिनिटकाटा १२ वर आला की तो पूर्ण तासाच्या खुणेवरच असणार. म्हणून तो कायम जीएमटी+५ वर (ग्रीनिच वेळेच्या पाच तास पुढे) ठेवा आणि वाचताना ३० मिनिटं मिळवा. दुबईत १० वाजले, नारिंगी काटा ११ वर, म्हणजे घरी साडेअकरा. १२ वर ठेवून अर्धा तास वजाही करता येतो, पण झोपेत वजाबाकी चुकते.

लावायची रीत: क्राउन (बाजूचं चावीचं बटण) उलटा फिरवून मोकळा केला की त्या जागी फक्त चावी बसते. बाहेर ओढल्यावर पहिल्या खटक्यावर तासकाटा एकेक तासाने उडतो, तारीखही त्याच्याबरोबर मागे-पुढे होते (तारखेची वेगळी सोय नाही). दुसऱ्या खटक्यावर सेकंदकाटा थांबतो आणि मिनिटं नि नारिंगी काटा हलतात. आधी दुसऱ्या खटक्याचं काम उरका, मग पहिल्याचं. उलट केलंत तर लावलेला तास पुन्हा हलतो.

मुंबईत उतरलात की दुसऱ्या खटक्यावर मिनिटकाटा अर्धा तास पुढे घ्या. नारिंगी काटा आपोआप बरोबर भारतीय वेळेवर येतो. मग पहिल्या खटक्यावर तासकाट्याची एक उडी पुढे. झालं.

कडेकपारी
वरचं सगळं बरोबर, पण ते विमानतळावर किंवा खोलीत उरका. चादरवर क्राउनला हात लावू नका. हे घड्याळ १०० मीटरपर्यंत पाणी रोखतं ते क्राउन पूर्ण आवळलेला असेल तरच. ओल्या हातमोज्यांनी तो तिरका बसतो, आटे खराब होतात आणि पाणी तिथूनच शिरतं. बंद करताना आत दाबून आधी किंचित उलटा फिरवा, आटा जागेवर बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा आवळा. जोर लागत असेल तर सोडून पुन्हा सुरुवात करा.

थंडीने वंगण घट्ट होतं, बॅलन्स व्हीलचा (वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाचा) झोका कमी होतो आणि चाल बदलते. पण हे घड्याळ जॅकेटवर बांधलं तरच. बाहीच्या आत, कातडीला लागून असेल तर यंत्राला उणे २० कळतही नाही. रात्री स्लीपिंग बॅगमध्येही हातातच ठेवा. स्टीलच्या पट्ट्याऐवजी एकसंध नायलॉनचा घाला. एक स्प्रिंगबार (पट्टा अडकवणारी दांडी) तुटला तरी घड्याळ नदीत जात नाही.

बुखारीच्या (शेगडीच्या) उबदार खोलीत शिरल्यावर काचेवर बाहेरून धुकं येणारच, पुसून टाका. पुसूनही राहिलं तर ते आत आहे. निघण्याआधी दाबचाचणी करून घ्या. बाष्पाची परीक्षाही सोपी असते: घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटाने पुसायचा. आत धुकं दिसलं तर गॅस्केट (पाणी रोखणारी रबरी कडी) बदला.

डिजिटलचं म्हणाल, तर एलसीडीसुद्धा गारठ्यात मंदावते. तेही बाहीतच ठेवावं लागतं.

सूर्यफूल_नव्हे
नारिंगी काट्याचं आणखी एक काम. घड्याळ आडवं धरून तो सूर्याकडे रोखा, बेझलवरचा (काचेभोवतीच्या कडीवरचा) वरचा त्रिकोण उत्तर दाखवतो (उत्तर गोलार्धात). काटा मात्र सूर्याच्या वेळेवर हवा. लेह साधारण ७७.६ अंश पूर्वेला, आपली प्रमाणवेळ ८२.५ ची, म्हणजे २० मिनिटांचा फरक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य आणखी १४ मिनिटं मागे असतो. सगळं मिळून काट्यात साडेआठ अंशांची चूक, म्हणून काट्याचं टोक सूर्याच्या तितकं उजवीकडे धरा. हीच युक्ती मे महिन्यात पुण्यात दुपारी करू नका, सूर्य डोक्यावर असल्याने दिशा भलतीच निघते.

बर्फातला_बेडूक
मस्त. पण १९७१ च्या पहिल्या एक्सप्लोरर २ वर (मॉडेल १६५५) हा काटा वेगळा लावता येत नव्हता ना? मग तो होता कशाला?

टिकटिक
गुहेत शिरणाऱ्यांसाठी. अंधारात पाच वाजले ते पहाटेचे की संध्याकाळचे, एवढंच सांगायला. वेगळा फिरणारा तासकाटा नंतरच्या १६५५० मॉडेलपासून आला. एव्हरेस्ट मोहिमेशी जोडलेली पुण्याई एक्सप्लोरर १ या वेगळ्या घड्याळाच्या खात्यातली, ती इथे लावू नका.

आणि हो, ट्रेकमध्ये घड्याळ उतरवून ठेवलंत तर ७० तासांनी बंद पडेल. मग क्राउन मोकळा करून किमान २५ फेरे चावी द्या, पण तेही तंबूत, कोरड्या हातांनी.