उजवीकडे सरकवलं की वाढलंच पाहिजे का?

शेळगीचे_सर:
बारावीच्या पोरांसाठी अणुकेंद्राचं सिम्युलेशन बनवतोय. पडदे तीन: किरणोत्सारी क्षय, साखळी अभिक्रिया, अणुभट्टी. परवा वर्गात दिलं, तर एका मुलीनं पहिल्याच पडद्यावर अर्धायुष्याची (निम्मे अणू क्षय व्हायला लागणारा काळ) सरकपट्टी उजवीकडे ओढली. क्षयाची टिकटिक मंदावली. बरोबरच आहे, अर्धायुष्य वाढलं की क्षय सावकाश. तिला वाटलं मोबाईल अडकला. रीसेट दाबलं आणि सगळ्या नोंदी गेल्या. (रीसेट 'थांबवा'च्या शेजारी ठेवलं, ही चूक माझीच.) तिसऱ्या पडद्यावरही तेच: पट्टी उजवीकडे नेली की नियंत्रक कांड्या (न्यूट्रॉन शोषून अभिक्रिया मंदावणाऱ्या) आत, शक्ती कमी. माझं मत असं की तिन्हीकडे उजवी बाजू म्हणजे जास्त घडामोड, एकच नियम.

कडक_भाकरी:
सर, नाही पटलं. पट्टीवर ज्याचं नाव तेच वाढायला हवं. 'अर्धायुष्य' लिहायचं आणि उजवीकडे आकडा घटत न्यायचा? उद्या हीच पोरं आलेख काढताना अक्ष उलटा धरतील.

रात्रपाळी:
कांड्यांना पट्टी हवीच कशाला? कांडीच बोटानं धरून ओढू द्या की. वर ओढली की बाहेर, शक्ती वाढली. विषय संपला.

कडक_भाकरी:
कुठं संपला बे! तारापूरचे १९६९ चे पहिले दोन संच उकळत्या पाण्याच्या भट्टीचे. त्यात कांड्या खालून वर शिरतात, कारण भट्टीच्या वरच्या भागात वाफेतलं पाणी वेगळं करायची यंत्रणा असते. म्हणजे तिथं वर म्हणजे आत. आपल्याच राज्यातली भट्टी तुमच्या नियमाच्या उलट.

रात्रपाळी:
हे माहीत नव्हतं. तरी ओढूच द्या म्हणतो, पण शेजारी 'आत' आणि 'बाहेर' ठळक लिहा. अन् कांडी जाड काढा, नाहीतर बोटाखालीच झाकते.

होटगी_रोड:
डावं-उजवं राहू द्या, अर्धायुष्याला पट्टी देणंच चूक. आयोडीन-१३१ तापवा नाहीतर दाबा, ८ दिवसांचे ९ होत नाहीत. ते त्या केंद्रकाचं आहे, आपण फिरवायची कळ नव्हे. पट्टी दिली की पोरं नेमकं उलटं शिकतात. समस्थानिकांची बटणं द्या: आयोडीन-१३१, कार्बन-१४, युरेनियम-२३८.

शेळगीचे_सर:
हे मात्र मानलं. पण मग वेगाचं काय? एक सेकंद म्हणजे एक दिवस धरला तर आयोडीन ८ सेकंदांत निम्मं. त्याच वेगानं ५७३० वर्षांचा कार्बन निम्मा व्हायला मोबाईल २४ दिवस चालू ठेवावा लागेल. युरेनियमचं तर बोलूच नका, ४४७ कोटी वर्षं. प्रत्येकाला वेगळा वेग दिला, तर पडद्यावरचा तोच एक सेकंद एकदा दिवस आणि एकदा हजार वर्षं. कुठं राहिली सुसंगती?

होटगी_रोड:
वेग बदलू द्या, लपवू नका. कोपऱ्यात घड्याळ ठेवा: 'आता १ सेकंद = १००० वर्षं'. बटण बदललं की ती ओळ क्षणभर चमकवा.

कडक_भाकरी:
घड्याळ चालेल. पण कांड्यांच्या पट्टीवर 'कांड्या किती आत' असंच लिहा, आणि उजवीकडे आकडा वाढू द्या. शक्तीसाठी वेगळा काटा दाखवा, तो खाली येताना पोरांना दिसला पाहिजे.

शेळगीचे_सर:
इथं माझा नकार कायम. पुढच्या आठवड्यात एका तुकडीला तुमची पट्टी, दुसरीला माझी. रीसेट मात्र दोन्हीकडे वर, एकटंच, आणि दाबल्यावर विचारणारं.

रात्रपाळी:
त्या पोरीच्या हातात आधी द्या.