दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप, उबुंटूवर एनव्हिडिया ड्रायव्हर चालेना. काय करावं?

खानापूरकर:
मंडळी, लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन्ही ग्राफिक्स आहेत. उबुंटू २२.०४ (लिनक्स) घातलंय. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावला, रीस्टार्टला निळी स्क्रीन आली आणि आपोआप गेली. डेस्कटॉप चालतो, पण ब्लेंडरला (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाचं कार्ड दिसत नाही. कार्ड तपासायची कमांड एनव्हिडिया-एसएमआय म्हणते, ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही. बेळगावातल्या एका दुकानात फॉरमॅट करून विंडोज घाला म्हणाले. सबमिशन तोंडावर आलंय आणि गावात रेंज यथातथाच. पुन्हा सगळं डाउनलोड करणं परवडणार नाही.

टिळकवाडीकर:
फॉरमॅट अजिबात करू नकोस, डाउनलोडही लागणार नाही. ड्रायव्हर बसलाय, फक्त सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सुरक्षा, त्याला आत घेत नाहीये. उबुंटूने तुझ्याच मशीनवर ड्रायव्हरचा कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) बसणारा भाग, म्हणजे मॉड्यूल, बांधलं आणि त्यावर सही केली. ती सही ओळखीची आहे हे तू त्या निळ्या स्क्रीनवर सांगायचं होतं. ती जेमतेम १० सेकंद थांबते, कुठलीही की दाबली नाही तर पुढे निघून जाते.

आता टर्मिनलवर अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी ही कमांड सुडो (अॅडमिनचे अधिकार) लावून, एनरोल-की पर्यायासह चालव. नवा पासवर्ड मागेल. साधा अंकी ठेव, कारण तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीस्टार्ट कर, निळी स्क्रीन दिसताच की दाब, एनरोल मॉक (म्हणजे सहीची किल्ली नोंदव), कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट.

आणि डेस्कटॉप चालतोय म्हणजे एनव्हिडिया चालतंय असं धरू नकोस. बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर इंटेलला जोडलेली असते; एनव्हिडिया चित्र तयार करून इंटेलच्या हाती देतं. म्हणून इंटेलचा ड्रायव्हर कधी काढायचा नाही. एनव्हिडियाच्या साइटवरची डॉट रन फाइल, म्हणजे ड्रायव्हरचा वेगळा इन्स्टॉलर, तीही नको. ती उबुंटूच्या पॅकेजांना ठाऊक नसते, कर्नल अपडेट झाला की बहुधा पुन्हा हीच कटकट.

निपाणीवाला:
वरच्याशी सहमत. चाललं की प्राइम-सिलेक्ट (कुठलं ग्राफिक्स वापरायचं ते ठरवणारी कमांड) ऑन-डिमांडवर ठेव. लाइट गेली तरी बॅटरी जास्त पुरते, एनव्हिडिया लागेल तेव्हाच उठतं. ही सोय ड्रायव्हरच्या ४३५ मालिकेपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. मात्र फक्त इंटेल मोड निवडू नकोस. काही लॅपटॉपचा एचडीएमआय थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो, मग सेमिनारला प्रोजेक्टरवर काहीच येत नाही.

खानापूरकर:
दादा, झालं! एसएमआयमध्ये कार्ड दिसतंय. लई आभार. पण ब्लेंडर अजून सीपीयूवरच (मुख्य प्रोसेसरवर) रेंडर करतोय, म्हणजे चित्र तयार करतोय?

टिळकवाडीकर:
एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टीममध्ये जा. कार्डावर रेंडर करायचा पर्याय कूडा निवड, कार्ड आरटीएक्स मालिकेचं असेल तर ऑप्टिक्स. मग रेंडर प्रॉपर्टीजमध्ये इंजिन सायकल्स आणि डिव्हाइस जीपीयू कंप्युट कर. हे डिव्हाइसचं सेटिंग प्रत्येक जुन्या फाइलमध्ये वेगळं बदलावं लागतं.