मदत हवी आहे: एकटीने सीपीआर द्यायची वेळ आली तर?

बाबांना मागच्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला, त्यांच्याजवळ मी आणि आई दोघीच असतो म्हणून मी सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिकून घेतला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे सगळं सरावाच्या पुतळ्यावर जमलं, पण दीड मिनिटातच माझे दंड थरथरायला लागले आणि पुतळ्यातून येणारा टक् आवाजच बंद झाला, म्हणजे दाब उथळ पडत होता. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा म्हणतात, पण आईला गुडघ्यांमुळे खाली बसताच येत नाही. मग अँब्युलन्स येईपर्यंत ताकद टिकवायची कशी? शिवाय बाबा पलंगावर असतील तर गादी दबते, जमिनीवर घ्यायला हवं, तर ८० किलोच्या माणसाला एकटीने पटकन खाली कसं उतरवायचं?

आणि सुरुवातीला माणूस आचके दिल्यासारखा श्वास घेतो, तो खरा श्वास नसतो, तेव्हाही दाबायला सुरुवात करायचीच हे माहितीये, पण ते बघून मी थांबेन की काय अशी खूप भीती वाटते. कुणी प्रत्यक्ष सीपीआर दिलाय का? नर्स, पॅरामेडिक कुणी असाल तर प्लीज सांगा. आईला निदान फोन स्पीकरवर ठेवून मोठ्याने मोजायला सांगू का?