मदत हवी आहे : ट्रॉलरच्या ग्लँडची दोरी टिकत नाही, सील बसवू की आधी बेअरिंग बघू?

देवगड_ट्रॉलर :

नमस्कार मंडळी. बोटीच्या शाफ्टचं काम ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. जरा लांबलचक लिहितोय कारण अर्ध्या माहितीवर कोणी धड सल्ला देऊ शकत नाही.

बोट लाकडी, ४५ फुटी, १२० एचपीचं सहा सिलिंडर इंजिन, गिअर ३ ला १, म्हणजे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर असलं की पंखा (प्रॉपेलर) ६०० ने फिरतो. पंखा फिरवणारा शाफ्ट एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा), ५० एमएम. पंख्याकडच्या टोकाला स्टर्न ट्यूबमध्ये (शाफ्ट बोटीबाहेर जातो ती नळी) पितळी कवचाचं रबरी बेअरिंग आणि आत इंजिनरूममध्ये ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं घर, त्यात दोरी. नेहमीचीच रचना आहे, वेगळं काही नाही.

त्रास असा की गेल्या सीझनला नवीन दोरी भरून घेतली तरी महिनाभरात थेंबाची धार झाली. ग्लँड आवळला की तो एवढा तापतो की हात लावता येत नाही, आणि सैल केला की परत धार. सीझन संपेपर्यंत नट पार शेवटच्या आट्यांपर्यंत गेले, आवळायला जागाच उरली नाही. जोडीला हादरे आहेत, इंजिन १४०० च्या पुढे नेलं की केबिनची फळी थरथरते आणि जाळं ओढताना मागून खडखड ऐकू येते. रात्री बाबा आणि खलाशी आळीपाळीने उठून तळातलं पाणी बघतात. बॅटरी उतरली तर पंप बंद, आणि किनारा वीस मैल लांब. मला झोप लागत नाही खरं सांगतो.

आता पावसाळी मासेमारीबंदी आहे, बोट वर ओढलेली आहे, ३१ जुलैपर्यंत जे करायचं ते करून घ्यायचंय. वर्कशॉपवाला म्हणतो दोरीची भानगडच सोडा, अजिबात न गळणारा सील बसवून देतो. पैसे बरेच सांगतोय. बाबा म्हणतात आयुष्यभर दोरीवर बोटी चालवल्या, जाडी दोरी ठोकून भर. मला दोन्ही पटत नाहीये कारण हादरे का येतात याचं उत्तर दोघांकडेही नाही. कोणी सांगेल का नक्की सुरुवात कुठून करायची?

---

खाडीवालो :

बाबू, सगळ्यात आधी पंख्याजवळ शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघ. किती हलता ता सांग. आणि जुनी दोरी काढशीत ती फेकू नको, फोटो टाक. बेअरिंग गेलेला असात तर ग्लँडात कितीव दोरी भर, काय उपयोग नाय.

---

जहाजी_इंजिनिअर (निवृत्त) :

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. थोडं सविस्तर लिहितो कारण हा गोंधळ फार बोटींवर बघितलाय.

ग्लँडचं काम फक्त पाणी अडवायचं. शाफ्टचं वजन पेलायचं, त्याला मधोमध धरायचं काम बेअरिंगचं. बेअरिंग झिजलं की शाफ्ट खाली बसतो आणि फिरताना ग्लँडच्या आत घुमायला लागतो. मग दोरी एका बाजूने चेपते, दुसऱ्या बाजूला फट पडते, तुम्ही फट बुजवायला आवळता आणि चेपलेल्या बाजूला घर्षण वाढून ग्लँड तापतो. म्हणजे तुमचे हादरे आणि तुमची धार हे एकच दुखणं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जाडी दोरी भरली तर ती शाफ्ट कोरेल, आणि सील बसवला तर तो या घुमण्यानेच लवकर जाईल.

दुसरं, दोरीचा ग्लँड चालू असताना थोडा गळायलाच हवा. तेच पाणी दोरी थंड ठेवतं. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसभरात चार-साडेचार लिटरच होतात, एवढं कुठलाही पंप सहज काढतो. बोट उभी असताना मात्र गळणं जवळजवळ बंद व्हायला हवं. चालत्या बोटीत ग्लँडला हात लावला तर कोमट लागावा, चटका बसायला नको.

रबरी बेअरिंगला तेल नाही की ग्रीस नाही, समुद्राचं पाणीच त्याचं वंगण. आतल्या लांब खाचांतून पाणी जातं आणि शाफ्ट पाण्याच्या पातळ थरावर फिरतो. कल्पना जुनी आहे. १८५० च्या दशकात स्क्रूच्या (पंख्याच्या) जहाजांवर धातूची बेअरिंग झपाट्याने झिजायची, तेव्हा जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरने लिग्नम व्हिटी या कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवून मधल्या फटींतून पाणी खेळवलं, १८५४ चं पेटंट आहे त्याचं. मी शिकाऊ असताना एका जुन्या जहाजाचं असं लाकडी बेअरिंग उघडताना बघितलंय, लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं. रबराचा फायदा असा की वाळूचा कण आला तर तो रबरात दबतो, शाफ्टबरोबर घरंगळत पुढच्या खाचेत पडतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या गढूळ खाड्यांना हे फार सोयीचं आहे. पण त्या खाचा शिंपल्यांनी किंवा तळाला मारलेल्या रंगाने बुजल्या तर पाणी थांबतं आणि कोरडं रबर बघता बघता जळतं. म्हणून बोट किनाऱ्यावर असताना गिअर टाकून पंखा फिरवून बघायचा मोह कोणी करू नये.

मापं घ्या : शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट, ग्लँडच्या घराचा आतला व्यास, शाफ्टचा ग्लँडखालचा व्यास, बेअरिंगची लांबी. मग बोलू.

---

देवगड_ट्रॉलर :

खूप खूप आभार. आज दिवसभर हेच केलं.

पंख्याजवळ शाफ्ट पहारीने उचलला तर फट जवळजवळ ३ एमएम. फीलर गेजची (फट मापायच्या पातळ पट्ट्यांची) सगळी पानं एकत्र घातली तरी सैल. बेअरिंग बाहेर काढलं तर झीज खाली आहेच पण डाव्या अंगाला जास्त आहे, तिथे खाचांमधलं रबर जवळपास सपाट झालंय. उजवीकडे मात्र खाचा नव्यासारख्या. लांबी २०० एमएम.

ग्लँडमधून दोरी काढली तर ती कड्या-कड्यांनी आलीच नाही! हुकाने ओढत गेलो तर एकच लांब तुकडा, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला. मापली तर १० एमएमची. आणि ग्लँडच्या घराचा व्यास ७४ भरला. खालचं टोक जळून काळं कडक झालंय, वरचा भाग तेवढा ओला मऊ. शाफ्टवर दोरीच्या जागी गोल चर पडलेत, नख अडकतं. फोटो टाकलेत.

---

जहाजी_इंजिनिअर (निवृत्त) :

उत्तम काम केलंत, आता चित्र स्पष्ट झालं.

७४ वजा ५० म्हणजे २४, त्याचं अर्ध १२. तुम्हाला १२ एमएमची चौकोनी दोरी हवी. १० ची भरून वरून आवळली म्हणजे तिला चेपवून जबरदस्तीने फुगवली, ती टिकणार कशी. आणि दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून कधीच भरायची नाही, त्या वळणावळणाने पाण्याला सरळ वाट मिळते. त्याच मापाच्या पाइपवर किंवा शाफ्टवरच गुंडाळून धारदार पात्याने वेगवेगळी कडी कापायची, प्रत्येक कडं एकेक करून आत बसवायचं, सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. पहिल्याचा सांधा वर असेल तर पुढचा तिसरा हिस्सा फिरवून. नट सुरुवातीला हातानेच. बोट पाण्यात गेल्यावर गळू द्या, अर्धा-पाऊण तास चालवा, मग दोन्ही नट सारखे, एका वेळी नटाची एक बाजू एवढंच आवळा. चांगल्या ग्लँडची सवय व्हायला पहिले एक-दोन दिवस जातात, तिथे घाई केली की दोरी जळते.

दोरी घेताना ग्रेफाइटवाली नको. एसएस शाफ्ट, खारं पाणी आणि ग्रेफाइट एकत्र आले की गंज शाफ्टला लागतो, ग्रेफाइटला नाही. पीटीएफईची (टेफ्लॉनची) किंवा चरबी-मेण मुरवलेली फ्लॅक्सची (जवसाच्या धाग्याची) घ्या.

बेअरिंग जाणार हे उघड आहे. ५० च्या शाफ्टला नवीन बेअरिंगची फट मिलिमीटरच्याही बरीच आत असते, दीड-दोनला बदलायला हवं होतं. लांबी २०० म्हणजे व्यासाच्या चौपट, ती बरोबर आहे. नवीन बसवताना हातोडा नको, आट्यांच्या रॉडने ओढून बसवा, साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. बाहेरच्या सेट स्क्रूची टोकं कवचातल्या खळग्यात नुसती बसली पाहिजेत, आवळून कवच दाबलं तर आतलं रबर फुगतं आणि तिथेच शाफ्ट घासतो.

खरी काळजी मला डाव्या अंगाच्या झिजेची आहे. शाफ्टच्या वजनाने खाली झिजणं समजू शकतो, बाजूला झिजलं म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत, नाहीतर शाफ्ट वाकलाय. हे न बघता बेअरिंग बदललं तर पुढच्या वर्षी इथेच हाच धागा वर काढाल.

---

मांडवीकाठ :

मी गोव्यात टुरिस्ट बोटींच्या मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे न गळणारे सील आहेत म्हणून लिहितो, नाहीतर तुम्हाला एकच बाजू कळेल.

आमचा सील म्हणजे स्थिर कार्बनची चकती आणि तिच्यावर घासत फिरणारी स्टीलची चकती, मागे रबरी घडीदार नळी स्प्रिंगसारखी दाब देते. बसला की खरंच इंजिनरूम कोरडी राहते आणि शाफ्टवर चर पडत नाही कारण सील शाफ्टवर घासतच नाही. पण आमच्या बोटी फायबरच्या, छोट्या, आणि रोज संध्याकाळी जेट्टीला येणाऱ्या. स्टीलची चकती शाफ्टवर ग्रबस्क्रूने धरलेली असते, ती मागे सरकली तर दाब जातो आणि पाणी भसकन आत येतं, म्हणून आम्ही तिच्या मागे आणखी एक क्लँप लावतोच. रबरी नळीचं वय असतं, बदलायची तर कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड) सोडून शाफ्ट मागे घ्यावा लागतो. भर समुद्रात हे कोण करणार?

ओठवाले सील पण येतात, रबराची ओठी थेट शाफ्टवर टेकते. स्वच्छ पाण्यात आणि गुळगुळीत शाफ्टवर चांगले चालतात. गाळाच्या पाण्यात ओठीखाली गाळ बसतो आणि शाफ्ट कोरतो. तुमच्या चर पडलेल्या शाफ्टवर तर तो पहिल्या दिवसापासून गळेल.

मच्छीमारीच्या बोटीला माझं मत दोरीच. समुद्रात काही झालं तर पान्याने आवळता येतं, अगदीच वेळ आली तर जास्तीचं एक कडं घालून घरी येता येतं. कडी कापून तेल-कपड्यात गुंडाळून बोटीवर ठेवा. आणि पंख्याच्या पुढे दोर अडवणारी कडी नसेल तर लावून घ्या. नायलॉनचा तुकडा शाफ्टवर गुंडाळत गुंडाळत बेअरिंगच्या तोंडात शिरतो, वितळतो आणि खाचा बंद करतो, हे मी दरवर्षी बघतो.

---

कपलिंग_मिस्त्री :

अलाइनमेंटचं, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणायचं, मी सांगतो. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही फ्लँज (जोडाच्या समोरासमोरच्या चकत्या) जवळ आणा आणि फीलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मापा. मग इंजिनकडचा फ्लँज तसाच ठेवून फक्त शाफ्टकडचा पाव चक्कर फिरवा, परत मापा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरत गेली तर शाफ्ट किंवा त्याचा फ्लँज वाकडा आहे. मोठी फट जागच्या जागी राहिली तर इंजिन तिरकं बसलंय. एवढ्या एका परीक्षेत निम्मी भांडणं मिटतात. सहा इंची फ्लँजला फटींमधला फरक ०.१५ एमएमच्या आत हवा, ०.१ मिळाला तर फारच छान.

पण शेवटचं अलाइनमेंट वर ओढलेल्या बोटीत करू नका!! लाकडी बोट आहे, पाण्यात गेली की फळ्या फुगतात, तळ आकार बदलतो. दोन दिवस तरंगू द्या, डिझेल नेहमीएवढं भरा, मग शिम (इंजिनच्या पायाखालच्या पातळ पट्ट्या) लावा. इंजिनचे रबरी पाय दबलेत का तेही बघा, एका बाजूचे दबले की डावीकडे झीज अशीच येते.

---

देवगड_ट्रॉलर :

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा बाबांना वाचून दाखवला. डाव्या झिजेचं ऐकल्यावर त्यांनीच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी इंजिन ओव्हरहॉल करून परत बसवलं तेव्हापासून ती खडखड आहे.

शाफ्ट बाहेर काढून लेथवर डायल गेज (वाक दाखवणारं मापक) लावला, तो सरळ आहे. म्हणजे गडबड इंजिनच्या बाजूची दिसतेय, डाव्या अंगाचे दोन्ही पाय दबलेत, उजव्याच्या मानाने उंची डोळ्याला कमी दिसते. पाय चारही बदलतोय, बेअरिंग नवीन, दोरी १२ ची, सीलचा विचार सध्या बंद.

आता एकच अडलंय. दोरीखालचे चर मापले तर सगळ्यात खोल ०.७ एमएम. लेथवाला म्हणतो वेल्डिंगने भरून टर्निंग करून देतो. करू का?

---

जहाजी_इंजिनिअर (निवृत्त) :

वेल्डिंग नको. उष्णतेने शाफ्ट वाकतो, आणि सरळ असलेला शाफ्ट वाकवून घ्यायचं काही कारण नाही. चर फक्त दोरीच्या पट्ट्यात असतील तर आधी हे बघा की ग्लँडच्या तळाशी एक गनमेटलची रिंग टाकून दोरीची जागा पुढे, चांगल्या भागावर सरकवता येते का. कडी किती मावतात ते मोजा, चार तरी बसली पाहिजेत. नसेल जमत तर तेवढ्या भागावर बारीक स्लीव्ह (नळीसारखं पातळ कवच) चढवून घ्या, पण मग दोरीचं माप नव्याने काढावं लागेल.

त्याआधी दोन ठिकाणी डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंगाचा स्प्रे) मारा : दोरीखालचा पट्टा आणि पंख्याकडचा टेपर (निमुळतं टोक), विशेषतः कीवेचे (चावीच्या खाचेचे) कोपरे. एसएस शाफ्ट उभ्या बोटीत दोरीखाली साचलेल्या पाण्यात आतून खाल्ला जातो, वरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो. लाल रेघ दिसली तर हा शाफ्ट परत बसवू नका, कितीही सरळ असला तरी. नवीन करायचा झाला तर ३१६ मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

---

देवगड_ट्रॉलर :

डायचा स्प्रे उद्या कणकवलीहून आणायला माणूस जातोय, फोटो इथेच टाकतो. ग्लँडची खोली मापली, रिंग टाकूनही चार कडी मावतात असं दिसतंय. पीटीएफईची १२ एमएम दोरी मीटरवर खात्रीची रत्नागिरीत कुठे मिळते हे कोणाला माहीत असेल तर व्यनि करा, इथल्या दुकानात ग्रेफाइटवालीच दाखवतायत.