रक्तचंदन नागपूरच्या काळ्या जमिनीत वाढेल का?

प्रश्न : नागपूरजवळच्या आमच्या शेतात जमीन खोल व काळी आहे. बांधावर रक्तचंदन लावावे असे मनात आहे. हे झाड मुळात कुठले आणि ते येथे रुजेल का?

प्रतिसाद १ : रक्तचंदन निसर्गतः प्रामुख्याने दक्षिण आंध्रातील पूर्व घाटात, म्हणजे शेषाचलम, पालकोंडा आणि वेलिकोंडा या डोंगररांगांत आढळते. तेथील पानगळीच्या जंगलात खडकाळ उतारांवर माती उथळ असते आणि पाणी टिकत नाही, आणि हीच या झाडाची खरी गरज आहे. नागपूरचा उन्हाळा ते सोसेल. परंतु पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी तुंबले, तर मुळे कुजतील. मुरमाड, उताराची जागा असेल तरच लावावे.

प्रतिसाद २ : उत्पन्नाच्या आशेने लावत असाल, तर कृपया थांबा. लाल गाभा भरण्यास कित्येक दशके लागतात. त्या गाभ्यासाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे आणि तस्करीमुळे हे झाड संकटात आले असून, १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयी देशादेशांत झालेल्या कराराचे नियंत्रण आहे.

प्रतिसाद ३ : मुरमाड कोपरा असल्यास बिजा हा वृक्ष लावण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. तो रक्तचंदनाचा जवळचा नातलग आहे आणि आपल्या विदर्भाच्या जंगलांतलाच आहे.