पेपर विकला गेला म्हणता, मग बातमीचा कर्ता कोण ते बघा

तापीकाठ
‘मोठे पेपर विकले गेलेत, त्यांत राजकारण उरलेलं नाही, वाचणं सोडा’ ही काल इथे आलेली पोस्ट वाचून राहवलं नाही. काय विकलं गेलं आणि कोणाच्या हातानं, ते तरी सांगा! ब्रॉडशीट पानाची छापील जागा साधारण ३३ सेंमी रुंद, ५२ सेंमी उंच. आठ कॉलम धरले तर ४१६ कॉलम सेंटिमीटर, म्हणजे एक कॉलम रुंद अन् एक सेंमी उंच असे ४१६ तुकडे. अर्ध्या पानाची जाहिरात आली की उरले २०८. त्यात मुंबईची लीड म्हणजे पानाची मुख्य बातमी, दिल्लीची सेकंड लीड, तळाला अँकर म्हणजे आडवी मोठी बातमी. जळगाव-धुळ्याच्या वाट्याला एखादा सिंगल कॉलम.

म्हणून आपलं राजकारण आतल्या तालुका पानावर वाचायचं असतं. ‘आमदारांनी जाणून घेतल्या शेतकऱ्यांच्या व्यथा’ असा मथळा असेल तर मजकूर नेत्याच्या कार्यालयातून आलाय. ‘पीकविम्यावरून शेतकऱ्यांनी आमदारांना धरलं धारेवर’ असेल तर वार्ताहर तिथे उभा होता. मेळावा तोच, माणसं तीच. वाक्याचा कर्ता कोण, एवढं बघितलं तरी कळतं.

सातपुडा_कडा
मथळ्याचं व्याकरण शिकवू नका भाऊ. ती बातमी लिहितो कोण? तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन नावाला. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. कित्येक गावांत अंकांची एजन्सीही त्याच्याच घरात. नेत्याचा वाढदिवस आला की चार पानी पुरवणी. सोसायटीचे चेअरमन, सरपंच, ठेकेदार, सगळ्यांकडून शुभेच्छा गोळा करायच्या त्यानंच. आठ दिवसांनी त्याच ठेकेदाराच्या रस्त्याची खडी उखडली तर तो कोणत्या तोंडानं लिहील? कालची पोस्ट रागात लिहिली असेल, पण खोटी नाही.

कांदेबाग
दोघंही मथळ्यात अडकलात. रावेर-यावलकडे पेपर उघडला की आधी केळीभावाची चौकट बघतात, मग लीड. पेपरचा खप त्या चौकटीवर आहे, आणि खरं राजकारणही तिथंच आहे. नवती, कांदेबाग, वापसी या केळीमालाच्या प्रकारांना बाजार समितीनं जाहीर केलेला भाव जसाच्या तसा छापतात. बागेत कापणी होते त्याहून कमी भावानं. घड कापला की फळ थांबत नाही, गाडी उभी असते, शेतकरी देऊन मोकळा होतो. अन् समितीचे संचालक निवडून येतात याच नेत्यांच्या पॅनलमधून. कागदावरचा भाव आणि हातात पडलेला भाव यांत जो फरक आहे, त्यावर एक ओळ तरी येते का?

शहर_आवृत्ती
बाजारभाव ही सेवा आहे, त्यात राजकारण ओढू नका. ‘हातात पडलेला भाव’ छापायचा कशावरून? पावती कच्ची, मालाची प्रत वेगळी, वजनातली घट प्रत्येक व्यापाऱ्याची वेगळी. उद्या नोटीस आली तर उत्तर संपादकानं द्यायचं. शेवटच्या पानाच्या तळाशी त्याचंच नाव असतं.

कांदेबाग
नोटिशीची भीती कसली घालता? तीन गावांत रोज सकाळी फोन करा. मालाचा प्रकार कोणता, वजनात किती कापलं, क्विंटलमागे हातात काय आलं, तीन प्रश्न. कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापा, नाव कोणाचंच नको. शेजारी बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव. सराफ बाजाराचा भाव जीएसटीसह आणि जीएसटीविना, दोन्ही देता ना? मग केळीलाच एक आकडा का?

सातपुडा_कडा
पुन्हा केळी! नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याला जी डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावचा अंक, जाते, तिची पानं गाडीच्या वेळेसाठी रात्री लवकर छपाईला सोडतात. उशिराची मतमोजणी तिकडच्या वाचकाला परवा छापील मिळते. अन् तिकडून इकडे येणारी बातमी एक तर कुपोषणाची, नाहीतर मंत्र्याच्या दौऱ्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे आदिवासींचे वनजमिनीचे दावे कोणत्या तालुक्यात किती पडून आहेत, हे राजकारण नाही का? त्याची चौकट कोणी लावायची?

तापीकाठ
वनहक्काचं सोळा आणे खरं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ‘वाचणं सोडा’ हे त्यावर औषध कसं काय? निवडणुकीत वाचकाच्या हातात काही असतं. एकच मजकूर दोन पेपरांत शब्दशः, ‘जाहिरात’ लिहिलेलं नाही, वार्ताहराचा उल्लेख नाही, तर दोन्ही कात्रणं तारीख आणि पान क्रमांकासह जपा आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे द्या. घाई करा, कारण निवडणूक अधिकाऱ्याची नोटीस छपाईपासून किंवा तक्रार मिळाल्यापासून ९६ तासांत निघायला हवी. उमेदवाराला उत्तराला ४८ तास. पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, ठरली तर सरकारी जाहिरात दरानं तिची किंमत त्याच्या खर्चात धरतात, आणि विधानसभेची मर्यादा ४० लाख आहे.

शहर_आवृत्ती
खर्चात धरतात उमेदवाराच्या. पेपरला काय होतं? प्रकरण प्रेस कौन्सिल या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे जातं, आणि कौन्सिलला ताशेरे ओढण्यापलीकडे अधिकार नाही. तिच्याच उपसमितीनं २०१० मध्ये पेपरांची नावं घेऊन पेड न्यूजवर ७१ पानी अहवाल केला, कौन्सिलनं तो बाजूला ठेवून छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. तेव्हा वाचक चिडतो ते समजतं मला. पण रात्री बारा वाजता पान लावणाऱ्याला ‘विकला गेलेला’ म्हणू नका. जाहिरात विभाग डमी, म्हणजे जाहिरातींच्या जागा आखलेलं कोरं पान, पाठवतो, त्यात उरलेल्या जागेतच त्याला बसवावं लागतं.

सातपुडा_कडा
पान लावणाऱ्याला कोणी काही म्हटलेलं नाही. डमी कोण ठरवतो, त्याच्याबद्दल बोलतोय आपण.

शहर_आवृत्ती
बरं, तेवढं मान्य. आणि तीन गावांच्या फोनचंही. डबल कॉलम, सहा सेंटिमीटरात बसेल ते. पण रोज फोन करणारा माणूस द्या, कमिशनवरचा नको.

कांदेबाग
तापीकाठ भाऊ, तुमची कर्त्याची खूण पटली. आता तीच केळीभावाच्या चौकटीला लावा. ‘आजचे भाव’ एवढंच लिहिलेलं असतं, त्या वाक्याला कर्ताच नाही. कोणी, किती वाजता, कोणाच्या सहीनं जाहीर केला, ही एक ओळ उद्यापासून खाली छापा.