औषधांचा प्लांट: जागेवर बांधायचा की तयार खोल्या आणून जोडायच्या?

प्लिंथवाला

सोळा वर्षं फार्माच्या प्रोजेक्टांवर काढली, त्यातली निम्मी गमबुटात. आता मत मांडतोच, शिव्या पडल्या तर पडोत. इंजेक्शनच्या नव्या प्लांटसाठी क्लीनरूम, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कामाच्या खोल्या, जागेवर बांधत बसणं सोडायला हवं. खोल्या शेडमध्ये तयार करा. भिंती, छत, डक्ट, पाइप, केबल सगळं आत बसवून, तपासून, साइटवर आणून जोडा.

गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर आमचं काम चालू होतं. जुलै महिना. डब्ल्यूएफआय म्हणजे इंजेक्शनसाठी लागणाऱ्या पाण्याची लूप, म्हणजे फिरती पाइपलाइन, ओढत होतो, 316एल स्टेनलेस स्टील, ऑर्बिटल वेल्डिंग (पाइपाभोवती मशीनच फिरून जोड मारतं). बाहेर आडवा पाऊस, वर अर्धं छप्पर आणि अर्धी ताडपत्री. बोरोस्कोप, म्हणजे नळीवरचा कॅमेरा, पाइपात घातला की पडद्यावर जॉइंटभोवती निळं-तपकिरी कडं. जोड जळू नये म्हणून पाइपात भरायचा आर्गॉन वायू आत टिकलाच नव्हता. आठवडाभराचे जॉइंट कापून फेकले. शेजारच्या खोलीत गवंडी प्लास्टर घासतोय, आणि एचव्हीएसीवाले (एसी आणि हवेचं काम करणारे) डक्टच्या तोंडाला प्लास्टिक बांधून देवाचं नाव घेतायत. हेच काम कोरड्या शेडमध्ये, टेबलावर झालं असतं तर?

आणि ही काही मनातले मांडे खायची गोष्ट नाही. बायोएनटेकने रवांडात किगालीला असाच एमआरएनए लशींचा प्लांट नेला. साधारण 12 मीटर लांबीच्या सहा कंटेनरांचं एक मॉड्यूल, अशी दोन: एकात एमआरएनए बनवायचं, दुसऱ्यात फॉर्म्युलेशन, म्हणजे त्यापासून औषधाचं मिश्रण. जून 2022 मध्ये पायाभरणी, मार्च 2023 मध्ये पहिले कंटेनर हजर. वुहानमध्येही जीईचा क्यूबायो हा तयार मॉड्यूलांचा बायोटेक प्लांट 2016 मध्येच उभा राहिला. आपण अजून भिंतींवर पाणी मारतोय.

कंत्राटी_काका

किगालीची गोष्ट मध्येच सोडलीत राव. पुढचं मी सांगतो. उद्घाटन डिसेंबर 2023 ला झालं, म्हणजे पहिले कंटेनर आल्यावर नऊ महिन्यांनी. ते कंटेनर माळावर उघडे ठेवलेले नाहीत, त्यांच्यासाठी हॉल बांधावा लागला. आणि कुप्या भरायचं काम त्या मॉड्यूलांत धरलेलंच नाही, ते बाहेर करायचं अशीच ती योजना. तुम्ही बाजू मांडताय इंजेक्शन भरण्याच्या प्लांटची, आणि उदाहरण दिलंय भरणंच नसलेल्या प्लांटचं!

आता रस्ता. आपल्याकडे गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या आत हवी. कंटेनरच्या मापात राहिलात तर बसतं, पण मग लायोफिलायझर, म्हणजे औषध गोठवून सुकवायचं अवाढव्य मशीन, कुठे ठेवता, डोक्यावर? चार मीटर रुंद मॉड्यूल केलं की ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल. परमिट काढा, पुढे पायलट गाडी, रात्रीचाच प्रवास. असा एक ट्रेलर एमआयडीसीच्या अलीकडच्या गावात विजेच्या तारेखाली अडकलेला मी पाहिलाय. लाइनमन येईपर्यंत ड्रायव्हर टपावर बसून बिड्या ओढत होता. लाइन बंद करून बांबूने तार उचलली, ट्रेलर इंच इंच पुढे. निम्मं गाव बघायला. आणि पोचल्यावर कळलं की गेटचं वळण बसत नाही. मग कंपाउंडची भिंत फोडा. फोडली कुणी? गवंड्यानेच.

प्लिंथवाला

काका, किगालीचा टोला मान्य. पण गेटचं वळण आधी मोजलं नाही, हा मॉड्यूलचा दोष की प्लॅनिंगवाल्याचा?

क्यूए_मावशी

मी क्यूए, म्हणजे दर्जाची जबाबदारी माझी, आणि मी या दोन्ही बाजूंच्या नंतर येते, म्हणजे सगळे पेढे खाऊन गेल्यावर. माझा मुद्दा एकच, शिवण.

दोन मॉड्यूल जिथे जुळतात तिथे भिंत, छत, फरशी, डक्ट सगळ्यांना सांधा असतो. बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून स्वच्छ खोलीत हवेचा दाब जास्त ठेवतात. शेडमध्ये फॅट, म्हणजे पाठवण्याआधीची चाचणी, झाली तेव्हा खोली दाब उत्तम धरत होती, कागद माझ्याकडे आहेत. ट्रेलरवर हजार किलोमीटर हादरे खाऊन आली, जोडली, आणि दाब ठरेना. युरोपच्या ॲनेक्स 1 मध्ये, म्हणजे निर्जंतुक औषधांच्या नियमावलीत, स्वच्छतेच्या वेगळ्या ग्रेडच्या शेजारशेजारच्या खोल्यांत किमान 10 पास्कलचा फरक सांगितलाय. आम्ही 15 ठरवला होता, आणि काटा 8-9 वर नाचत होता. गळती शोधायची धुराची मशीन यायची होती. क्लीनिंग व्हायचं होतंच, म्हणून शिफ्टच्या पोराने देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली आणि कोपऱ्याकोपऱ्यात धरत गेला. फॉल्स सीलिंगजवळच्या सांध्याशी आल्यावर सरळ वर जाणारा धूर एकदम वाकला आणि फटीत शिरला. सिलिकॉन एका बाजूने सुटलं होतं, केसाएवढी चीर. आता वरून हात घालायचा तर आड डक्ट, केबल ट्रे, पाइप. शेडमध्ये दाटीवाटीने बसवलेलं, छान, नीटनेटकं. हात जायला जागा नाही!

तेव्हा "शेडमध्ये तपासलं" या वाक्याचं मला अप्रूप नाही. फिल्टरची इंटेग्रिटी (तो गळत नाही ना), हवेचा वेग, दाब, सगळं जागेवर परत करावं लागतं. तेवढे दिवस वाचत नाहीत.

पफपॅनेल

सगळे नव्या प्लांटवर भांडताय. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, डिसेंबर 2023 च्या अखेरीस आलं, लहान कारखान्यांना 2025 अखेरपर्यंत मुदत दिली गेली. आमच्यासारख्यांकडे जुनी इमारत, तीत चालू लाइन, आणि पलीकडच्या भिंतीपासून वाढवायचं आहे. तिथे भिंत फोडायचा ब्रेकर लावला की धूळ थेट एएचयूच्या, म्हणजे खोल्यांना हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या, सक्शनला. उत्पादन थांबवायचं तर ऑर्डर जाते. आम्ही शेजारच्या मोकळ्या जागेत प्लिंथ (जोतं) घातला, तयार खोल्या एका रविवारी क्रेनने उतरवल्या, आणि जुन्या भिंतीला एकच दरवाजा पाडला. धूळ झाली ती तेवढीच. मावशींची शिवण आम्हालाही भोवली, पण लाइन एक दिवसही बंद नव्हती.

खातेवही

इंजिनिअर लोकांनो, पैसे कोण देतं? मॉड्यूलवाला ऑर्डरबरोबर मोठा ॲडव्हान्स मागतो, स्टील कापायच्या आधी. आमच्या बँकेने टर्म लोनचा हप्ता साइटवरच्या प्रगतीला बांधला होता. त्यांचा व्हॅल्युअर आला, पाहतो तर मोकळा प्लिंथ आणि त्यावर वाळत घातलेली वॉचमनची लुंगी. माल दुसऱ्या राज्यात शेडमध्ये ऐंशी टक्के तयार, पण त्याच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. दोन महिने हप्ता अडला.

आणि डेप्रिसिएशनचं (घसाऱ्याच्या कर-सवलतीचं) गाजर दाखवणाऱ्यांपासून सांभाळा. इमारतीला 10 टक्के, मशिनरीला 15, म्हणून "हे तर इक्विपमेंट आहे" असं सेल्सवाला सांगतो. जीएसटीच्या कलम 17(5) मध्ये बांधकामावर भरलेल्या कराचं क्रेडिट अडतं, तिथेही तेच आमिष. ऑफिसर विचारेल, याला पाया आहे का, बोल्ट काढून हलवता येतं का, हलवलंय का कधी? उत्तर लेखी तयार ठेवा. पुरवठादारही बघून घ्या. स्वीडनच्या फार्माड्यूलचं या धंद्यात केवढं नाव, तीही 2011 मध्ये जपानी मोरिमात्सूकडे गेली. दहा वर्षांनी खोली वाढवायची झाली तर फोन कुणाला लावणार?

कंत्राटी_काका

खातेवहींना माझ्याकडून चहा. पण खरं दुखणं कुणी बोलत नाही, मीच बोलतो. माझ्या एकाही प्रोजेक्टला भिंतीमुळे उशीर झालेला नाही. उशीर झाला तो मालकाचा विचार बदलला म्हणून. यूआरएस, म्हणजे मालकाच्या गरजांचा कागद, रेव्हिजन सात! व्हायलची (कुप्यांची) लाइन घ्यायची ठरली, मग प्रीफिल्ड (आधीच भरलेल्या) सिरिंज, मग दोन्ही. वीट असली तर मी भिंत चार फूट सरकवतो, रात्रीत. मॉड्यूल सरकवून दाखवा.

प्लिंथवाला

अहो काका, म्हणूनच तर! सरकवता येत नाही हाच फायदा आहे. शेडमध्ये कापणी सुरू व्हायच्या आधी डिझाइन गोठवावंच लागतं. एमडीला सही करावी लागते. तुम्ही रात्रीत भिंत सरकवता, म्हणून तर त्याला सवय लागलीये.

कंत्राटी_काका

म्हणजे लग्न लावून दिलं की पोरगं सुधारेल, त्यातली गत. नाही सुधारलं तर? माझ्याकडे फुटते ती पाचशेची वीट, तुमच्याकडे कोटीचं मॉड्यूल.

क्यूए_मावशी

यात मी काकांच्या बाजूने नाही. रात्रीत सरकवलेल्या भिंतीची चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची लेखी नोंद आणि मंजुरी, कोण लिहितं? मी. मागच्या तारखेची सही मागायला कोण येतं? नाव घेत नाही.

प्लिंथवाला, तुमचं पुढचं काम मॉड्यूलनेच करणार असाल तर सांध्याचं ड्रॉइंग ऑर्डरच्या आधी दाखवा. प्रत्येक शिवणीपाशी माणसाचा खांदा जाईल एवढी जागा आणि वर चालता येईल असं सीलिंग, एवढं यूआरएसमध्ये घाला. पुरवठादार कुरकुर करेल, मॉड्यूल फूटभर वाढतं म्हणेल.

प्लिंथवाला

फूटभर वाढलं तर ओडीसीत जातंय, मावशी. आत्ताच मोजलं.

कंत्राटी_काका

या मग आमच्या गावावरून. लाइनमनचा नंबर आहे माझ्याकडे.